मशीन थांबायचं त्या जागा

१२ जून

दादा,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलंस की दोन-चार ओळी वाचशीलच, एवढी मला तुझी ओळख आहे.

चार वर्षं झाली. तुमची खुशाली वहिनीकडून कळते. बाबा दर रविवारी फोन करतात. पण मी तुझा विषय काढला की त्यांना नेमकं कुणाचं तरी शिलाई मशीन दुरुस्तीला आलेलं आठवतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रोज दुकान उघडता म्हणून मी कौतुक केलं, तर म्हणाले, "मग काय, घरी बसून तुझ्या दादाचं तोंड बघू दिवसभर?" हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून गेले.

मी बत्तिसाव्या वर्षी नोकरी सोडून सिनेमाचा आवाज शिकायला निघाले तेव्हा तू वहिनीला म्हणाला होतास, "आवाज शिकायला काय जायचं? आपल्या घरात हिचाच तेवढा आवाज असतो." आता ते शिकणं संपून पोटापाण्याचं काम झालंय. काम असं की शूटिंगच्या वेळी फक्त माणसांचं बोलणं नीट घेतात. बाकीचं, म्हणजे पावलं, कपड्यांची सळसळ, बशीवर टेकवलेला कप, हे आम्ही नंतर पडद्याकडे बघत बघत करतो आणि जागच्या जागी बसवतो. आमच्या स्टुडिओत एक बाई आहेत, त्यांना सगळे पाऊलबाईच म्हणतात. नायिका चालते तेव्हा पाय त्यांचे असतात, आणि तिच्या मागावर असलेल्या गुंडाचेही त्यांचेच. हातमोज्यांची जोडी फडफडवून त्या कबूतर उडवतात. त्यांच्या नवऱ्याचं म्हणणं, घरी मात्र ही पाय न वाजवता येते आणि मला पेपर वाचताना पकडते.

आम्हाला शिकवणारे सर होते, त्यांचं नाव कानसेन पडलं होतं. त्यांनी एकदा आवाज नसलेला प्रसंग दिला. एक बाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलीय, एवढंच चित्र. मी पंखा लावला, रस्ता लावला, शेजारचा रेडिओ, वरच्या मजल्यावरचं मूल, एकूण सतरा आवाज. सरांनी ऐकलं आणि म्हणाले, "बाजार मांडलास. हिचं लक्ष कुठे आहे?"

मी म्हणाले, "दाराकडे."

"मग बाकी सगळं मागे ने. माणूस कान देतो ना, तेव्हा जग आपोआप हळू होतं."

हा धडा तिसऱ्या सहामाहीतला. नको असलेला आवाज काढून कसा टाकायचा, हे मात्र आम्हाला पहिल्याच सहामाहीत शिकवलं होतं. कुठला आवाज नको असतो, हे कळायच्या आधी.

तुझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला मी काय केलं ते तुला माहीत आहे. तरी एकदा मला माझ्या तोंडाने सांगू दे. चार वर्षांत हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

तू ती कॅसेट माझ्याकडे दिलीस आणि म्हणालास, "नुसती कॉपी करून दे. टेप विरत चाललीय." तू बारा वर्षांचा असताना बाबांच्या टेपरेकॉर्डरवर केलेलं तुझं भाषण. विषय पाण्याची बचत. मी तेव्हा चार वर्षांची, बहुतेक झोपलेली. मी कॉपी केली, ऐकली, आणि माझ्या नव्या कानांना त्यात काय ऐकू आलं, तर तुझा बारीक आवाज आणि मागे सतत खडखड. तू बोलायला सुरुवात करण्याआधीचे सहा सेकंद नुसती खडखड होती. तेवढा तुकडा मी कॉम्प्युटरला दाखवला आणि सांगितलं, हे जिथे जिथे असेल तिथून काढ. एकदा फिरवून पूर्ण गेली नाही, म्हणून तीनदा फिरवलं. मग तीच फाइल त्याच नावाने सेव्ह केली.

तुझ्यासमोर मोठ्या ऐटीत लावली. तू "बाष्पीभवना"पाशी अडखळलास तिथपर्यंत ऐकलंस आणि विचारलंस, "आई कुठेय?"

मी म्हणाले, "आई या टेपवर बोलतच नाही ना."

मग तू सांगितलंस. आई मागे शिवत बसली होती. तू अडखळलास की तिचं मशीन थांबायचं. तू शब्द पकडून पुढे गेलास की पुन्हा चालू व्हायचं. असं तीनदा. ती गेल्यावर तुझ्याकडे तिचं तेवढंच उरलं होतं: ती तुझं ऐकतेय, हे.

आणि मी तुला काय म्हणाले? "एका मशीनच्या खडखडाटासाठी एवढा तमाशा?"

तू मूळ कॅसेट मागितलीस. मी सांगितलं की स्टुडिओतल्या डेकने टेप खाल्ली.

माझ्याकडे त्या वेळची एक जुनी हार्ड डिस्क आहे. बंद पडलेली. तिच्यात पहिली कॉपी कुठेतरी राहिली असेल, अशी एक शक्यता आहे. मी शोधतेय. आशा दाखवत नाहीये, नुसतं सांगतेय.

धाकटी


३० जून

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण पत्र परतही आलं नाही, म्हणून दुसरं.

डिस्क एका दुरुस्तीवाल्याकडे दिलीय. तो म्हणतो, "मॅडम, ही डिस्क नाही, पेपरवेट आहे." तरी बघतो म्हणालाय.

इकडे कामाची गडबड आहे. एका चित्रपटासाठी पायाचं शिलाई मशीन रेकॉर्ड करायचं चाललंय. आमच्या कपडेपटात एक शिंपीमास्तर आहेत, त्यांच्याकडे जुनं मशीन निघालं. मास्तर ते कुणाला हात लावू देत नाहीत. मी म्हणाले, "मास्तर, मला फक्त त्याचा आवाज हवाय." ते म्हणाले, "फक्त आवाज हवाय म्हणणारे पुढे काय काय मागतात ते मी पाहिलंय." शेवटी चहाचे दोन कप झाले तेव्हा कापड मागवलं, जुन्या चादरीचा तुकडा, आणि मला बसवलं. मला पाय मारता येईनात. चाक उलटं फिरायचं, दोरा तुटायचा. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याची मुलगी आणि शिवणाऱ्या बाईची मुलगी. मास्तरांना मी हे सांगितलं नाही. दोन दिवस नुसती पाय मारायला शिकत होते.

बाबांना रविवारी विचारलं, आईचं मशीन कसं होतं. सिनेमासाठी हवंय म्हणून सांगितलं. म्हणाले, "पायाचं. काळं. चाक जरा जड होतं, आणि पायटा खाली जाताना एकदा कुरकुरायचा. तेल घातलं की चार दिवस गप्प, पुन्हा सुरू." आई गेल्यावर महिन्याभरात त्यांनी ते कुणाला देऊन टाकलं हे मी आजवर विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. बाबांच्या आवाजात मला थांबायची जागा दिसली.

तुला एक विचारू? तुला अजून सगळं भाषण पाठ आहे का? मला आहे. ती साफ केलेली फाइल मी इतक्यांदा ऐकलीय की तू कुठे श्वास घेतोस तेसुद्धा मला सांगता येईल. कोरड्या पाटीवर लिहिल्यासारखा तुझा आवाज आहे त्यात. मागे काहीच नाही. आमच्याकडे प्रत्येक ठिकाणी शूटिंग संपलं की सगळ्यांना गप्प करून एक मिनिट त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करतात, कारण खोली रिकामी असली तरी तिचा आवाज असतो. तुझ्या भाषणाला आता खोलीच उरलेली नाही.

धाकटी


२१ जुलै

दादा,

सापडलं.

डिस्कवरून निघालं. थोडं घासलेलं आहे, अधूनमधून खरखर आहे, पण पूर्ण आहे. सोबतच्या पेनड्राइव्हवर एकच फाइल आहे. एकटा असताना ऐक, आणि शक्यतो हेडफोन लावून.

जास्त लिहीत नाही.

धाकटी


४ ऑगस्ट

दादा,

काल तुझा फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्टुडिओच्या जिन्यात बसून होते. पाऊलबाई येता-जाता दोनदा बघून गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "रडायचं तर आत जाऊन रड, माइक लावून देते. चांगलं रडणं आम्हाला मिळत नाही."

तू पहिल्यापासून रडतच होतास. आधी मला शब्दच लागेनात. मग म्हणालास, "शेपटे, थांबली गं ती. बाष्पीभवनाला थांबली."

शेपूट. तुझ्यामागे फिरायची म्हणून तू पाडलेलं नाव. शाळेत जाताना तू माझ्या वेण्या घालायचास, एक वर एक खाली, आणि कुणी हसलं तर त्याच्याशी मारामारी करायचास. आई गेल्यावर मला आई नव्हती असं मला कधी वाटलं नाही, याचं कारण तू. त्यामुळे तिच्या मशीनचा मला पत्ताच नव्हता. ही सबब नाही. नुसतं आठवलं.

तुझ्याशी बोललेलं एक खोटं राहिलंय, ते सांगून टाकते. कॅसेट डेकने खाल्ली नव्हती.

जुन्या कॅसेटची टेप बाहेर ओढून तिचा ढीग केला आणि त्यावर पाय दिले की वाळल्या गवतातून चालल्याचा आवाज येतो. आमच्याकडे त्यासाठी एक खोकंच असतं. शिकत होते तेव्हा एका प्रसंगाला गवत कमी पडत होतं. म्हटलं, दादाची कॉपी तर झाली, साफही झाली, आता या डबड्याचं काय काम? मीच टेप ओढली, मीच कापली, बाकीच्या ढिगात मिसळली. त्यावर पाऊलबाई चालल्या, तेव्हा त्या आम्हाला शिकवायला यायच्या. प्रसंग चांगला झाला, सरांनी शाबासकीही दिली.

तू आईबद्दल विचारलंस त्या दिवशी मी तिथून सरळ स्टुडिओत गेले आणि तो ढीग उपसला. वीस-बावीस कॅसेटची टेप होती, हातहातभर कापलेली. कुठली तुझी, कळायला मार्ग नव्हता. काही तुकडे लावून ऐकले. कुणाची तरी सनई, कुणाचा इंग्रजीचा पाठ. दोन दिवसांनी सफाईवाल्याने ते सगळं नेलं.

हे वाचून पुन्हा माझं तोंड बघू नयेसं वाटलं तर मी समजू शकते. पण यापुढे तुझ्यामाझ्यात काही लपलेलं नको.

तुझं शेपूट


१९ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र मिळालं. "गवत झालं तर झालं, ती परत आली ना" असं तू लिहिलंस. इतक्या सहज. मला वाटलं होतं ओरडशील. तू ओरडला असतास तर बरं झालं असतं.

बाबांबद्दल लिहिलंस ते तीनदा वाचलं. तू त्यांना समोर बसवून टेप ऐकवलीस आणि ते म्हणाले, "हे आपलं मशीन नाही." तू म्हणालास, "बाबा, नीट ऐका." ते पुन्हा म्हणाले, "कुणाचं तरी आहे. आपलं नाही." तुझ्या पत्रात पुढे आहे: "ज्या माणसाने चाळीस वर्षं मशीनच्या आवाजावर घर चालवलं त्याला स्वतःच्या बायकोचं मशीन ओळखू येत नाही. मला भीती वाटते गं."

दादा, घाई करू नकोस. जुनी फाइल डिस्कवरून काढताना आवाजात फरक पडतो. वरचा भाग जातो, चाकाची घरघर बदलते. शिवाय पेनड्राइव्हवरून लहान स्पीकरवर ऐकणं वेगळं. बाबांना तसं वाटलं असेल, तर त्यात विसरण्यासारखं काही नाही. म्हातारपणी एखादी गोष्ट निसटते. सगळी नाही.

डॉक्टरकडे न्यायची आत्ताच गरज आहे का? चार महिने जाऊ देत. आणि त्यांच्यासमोर पुन्हा लावू नकोस ती. तुझी आहे, तूच ऐक.

मी पुढच्या महिन्यात येते. तू म्हणालास तसं बाबांच्या वाढदिवसाला. वहिनीला सांग, मी जमिनीवरसुद्धा झोपेन.

तुझं शेपूट


६ सप्टेंबर

दादा,

मी येत नाहीये. का, ते शेवटपर्यंत वाचलंस की कळेल. आधी एकच गोष्ट सांगते, म्हणजे मधेच पत्र टाकलंस तरी ती तुझ्यापर्यंत पोचलेली असेल: बाबा बरोबर आहेत. ते आईचं मशीन नाही.

डिस्कमधून काहीच निघालं नाही. दुरुस्तीवाल्याने जूनमध्येच परत केली होती. शिंपीमास्तरांचं मशीन कुठल्याही सिनेमासाठी नव्हतं. मी पाय मारायला शिकले ते तुझ्या भाषणासाठी. बाबांनी सांगितलं म्हणून पायट्याची कुरकुर मुद्दाम करून घेतली. एका रिकाम्या खोलीत जुना टेपरेकॉर्डर ठेवून त्यावर ते मशीन घेतलं, मग त्या खोलीची शांतता घेतली, कॅसेटची खरखर घातली आणि त्यात तुझा आवाज बसवला. तू तीन ठिकाणी अडखळतोस, त्या तीनही ठिकाणी मी मशीन थांबवलं. तुझा शब्द सुटल्यावर किती वेळाने पुन्हा चालू करायचं, यावर माझे नऊ दिवस गेले. लवकर केलं तर ऐकतेयसं वाटेना, उशिरा केलं तर चिडल्यासारखी वाटे. आजवर मी केलेल्या कामांतलं ते सगळ्यांत चांगलं काम आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

पाठवलं तेव्हा मनाला सांगितलं, यात नुकसान कुणाचं? तुला आई मिळेल, मला तू. तू फोनवर रडलास तेव्हा सांगायची वेळ होती. मी गवताचं सांगितलं. लहान चोरी कबूल केली म्हणजे मोठीची झडती होत नाही, म्हणून. तू ती माफ केलीस. मग बाबांचं कळलं, तेव्हा तर उभ्या उभ्या फोन करायला हवा होता. त्याऐवजी मी तुला स्पीकरचे गुणधर्म शिकवत बसले. आणि "म्हातारपणी एखादी गोष्ट निसटते" असं माझ्या हाताने लिहिलं. बाबांबद्दल. चाळीस हात लांबून मशीन वाजलं तर कुठला स्क्रू ढिला आहे ते सांगणाऱ्या माणसाबद्दल.

पुढचं मला वहिनीकडून कळलं. तू त्यांना डॉक्टरकडे नेलंस. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बाबांनी काढलं आणि विचारलं, "आतली चाकं पण काढू?" सगळी उत्तरं बरोबर. पण तू मशीनचं सांगितलंस, म्हणून डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. मग तू दुकानाची किल्ली काढून घेतलीस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. मोटर, पट्टे, सुया, आणि आपल्या माणसाला काय आठवतं याचा भरवसा नाही. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. वहिनी म्हणाली, दुकान बंद करताना बाबांनी तुझ्याशी एका शब्दाने वाद घातला नाही. दुरुस्तीला आलेली तीन मशीनं ज्याची त्याला परत करून आले.

काल रविवार होता. बाबांचा फोन आला. म्हणाले, "बाळ, तुमच्या तिथे कान तपासतात का?"

मी विचारलं, "का हो बाबा?"

"नाही, माझे गेलेत बहुतेक. दादा म्हणतो ते तिचंच मशीन आहे. तोही खोटं कशाला बोलेल? मला आपलं वाटलं, ती अशी थांबायची नाही. तिला घाई असायची ऐकायची. हा अडखळला की तिचा हात चाकावर पडायचा. तळवाच टेकवायची. मशीन जागच्या जागी गप्प. त्या टेपमध्ये ते घरंगळत थांबतंय, बघ, पाय काढून घेतल्यासारखं. पण मीच विसरलो असेन. इतकी वर्षं झाली."

मी गप्प होते. ते म्हणाले, "तू फोनवर आहेस ना? की तेही मला नीट ऐकू येईना?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं. सगळं, गवतापासून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे हात ठेवायचा राहिला तुझा." दुसरं काही नाही. रागावले की नाही, मला ओळखता आलं नाही. मी विचारलं, तुम्ही दादाला सांगाल का. म्हणाले, "मी सांगून तो ऐकेल का आता? म्हणेल, बाबा काहीतरी मनाचं रचतायत." दादा, ते खरं आहे. ही गोष्ट त्यांच्या तोंडून आली तर तू त्यावर विश्वास ठेवणार नाहीस, आणि ती व्यवस्था मी केलेली आहे.

आणखी एक आहे, ते लपवलं तर हे पत्रही आधीच्यांसारखंच होईल. आज सकाळी मी मास्तरांच्या मशीनवर बसले. पायांनी चालवलं आणि चाकावर तळवा टाकला. मशीन जागच्या जागी गप्प झालं. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. तिच्याबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते तुम्ही सांगितलेलं आहे. हे एवढं पहिल्यांदा माझ्या हाताला कळलं. मी ते तीन थांबे नव्याने रेकॉर्ड केले, जुन्यांच्या जागी बसवले आणि ऐकलं. दादा, ते हुबेहूब होतं. बाबांनाही ओळखता आलं नसतं. तुला पाठवून लिहिता आलं असतं की डिस्कवरून आणखी चांगली प्रत निघाली. बाबांना ऐकवता आली असती, ते म्हणाले असते हो, हेच, आणि तू किल्ली परत दिली असतीस. आपण सगळेच सुटलो असतो. बोट बटणावर होतं. मास्तर शेजारी काज करत बसले होते, म्हणाले, "झालं का तुमचं सिनेमाचं?"

मी म्हणाले, "झालं." आणि ती फाइल पुसली.

तुझ्याकडे आहे तीही पूस, असं सांगायचा मला अधिकार नाही. तिच्यात तुझा आवाज खरा आहे. बाकी माझे पाय आहेत.

वाढदिवसाला मी येणार नाही. तू बोलावलंस ते ज्या बहिणीला, ती मी नव्हते. कधी बोलावणार नसलास तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण ते माझं मी बघेन.

आता पत्र खाली ठेव आणि किल्ली घेऊन बाबांच्या खोलीत जा. त्यांना सांग की त्यांचे कान बरोबर होते. एकदा सांगून पटणार नाही, पुन्हा सांग. वहिनी म्हणते, हल्ली ते प्रत्येक आवाजाचं तिला विचारून घेतात. दार वाजलं का? दूध उतू गेलं का? मोरीतला नळ टपकतोय, की मलाच वाटतंय? तुम्ही दोघं म्हणता, नाही हो बाबा, झोपा.

मी आज वहिनीला फोन करून नळापाशी कान न्यायला सांगितलं. टपकतोय तो. वायसर गेलाय. दुसऱ्या कुणाला बोलावू नकोस, त्यांनाच बदलू दे.